ढिगापासून पाण्यापर्यंत

बसा निवांत. लाइट गेली की आमच्या गल्लीत लवकर येत नाही, पण कंदिलात तेल आहे. उद्याच्या फेरीसाठी तुम्ही नांदेडहून आलात, तर वाट आजच सांगून ठेवतो. सकाळी धुक्यात मी फार बोलत नाही.

चहा घ्या. ही जन्नतबी, माझी घरवाली. डाव्या हातानं ग्लास दिला म्हणून मनात काही आणू नका. पूर्वी ती असं कधी करत नसे. आता तिला तोच हात सोयीचा झाला आहे.

तर फेऱ्या आमच्या तीन. सोपी फेरी गावाबाहेरच्या पुलापासून नदीकाठानं जाते, सगळी सपाट, वर चिंचेची सावली. गुडघे धरलेल्या माणसांसाठी ती. मधली फेरी माळावरून जाते. तिथं चढ नाही, पण मुरूम पायाखालून सरकतो आणि कुसळं पायजम्याला धरतात. अवघड फेरी पूर्ण माळ ओलांडते, घसरणीच्या उतारानं नदीत उतरते, दगडांवर पाय देत पाणी पार करते आणि पलीकडं बोरगव्हाणला पोचते. वाट चुकू नये म्हणून आम्ही बाभळींना चिंध्या बांधल्या आहेत. सोपीला पांढऱ्या, मधलीला पिवळ्या, अवघडला लाल. त्या सगळ्या चिंध्या जन्नतबीनंच जुनं कापड फाडून दिल्या होत्या. फाडताना कापडाचं एक टोक दातात धरायची, कारण तेव्हा तिचा हात चालत नव्हता.

तुम्ही व्यंकटला विचारलंत म्हणे, की सगळ्यांत म्हातारा माणूस सगळ्यांच्या मागं का चालतो. व्यंकट एसटीत कंडक्टर होता, प्रत्येक गोष्टीवर त्याच्याजवळ काहीतरी बोलायला असतं. माळावर सुद्धा तो लोकांना म्हणतो, चला, पुढं सरका, मागं जागा न्हाई. पण तुमच्या या प्रश्नावर तो नुसता म्हणाला असेल, चाचाला विचारा. आता तुम्ही विचारलंच आहे, आणि उद्या तुम्ही माझ्या पुढं चालणार आहात. तेव्हा सांगतो.

मी शिकलेला माणूस नाही. जन्म सगळा शेळ्यांच्या मागं गेला. जळकोटच्या आसपासच्या गावांतून शेळ्या गोळा करायच्या आणि माळ तुडवत, नदी उतरून, बाजाराला न्यायच्या. बाप तेच करायचा, त्याचा बापही तेच. पुढं टेम्पो आले आणि पायी नेणं बंद झालं. पाय मात्र तसेच राहिले.

शेळ्या नेताना आमच्यात एक रीत होती. पुढचा माणूस थोड्या थोड्या वेळानं हाळी द्यायचा, "हायत का सगळे?" आणि सगळ्यांत मागचा माणूस जवाब द्यायचा, "हाव." मधल्यांनी तोंड उघडायचं नाही. मागच्याचा जवाब आला म्हणजे मधलं सगळं सलामत आहे असं समजायचं. बबिताताईला ही रीत फार आवडली. बबिताताई सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झाल्यावर तिनंच या फेऱ्या काढल्या. म्हणायची, गोळ्या देऊन देऊन मी थकले, आता चालवते. आमच्या या ओट्यावर बसून तिनं मला खोदून खोदून विचारलं. दम कुठं लागतो, बसायला दगड कुठं, बायांना आडोसा कुठं, पावसाळ्यात चिखल कुठवर. मी सांगायचो आणि ती ठरवायची, हे सोपीत, हे अवघडमध्ये. हाळीची रीतही तिनं घेतली. दर रविवारी माणसं हौसेनं ओरडायची.

फेऱ्या सुरू झाल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात जन्नतबीच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू गेली. पाय ओढायला लागला, हात खांद्यापासून ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. आणि जीभ जड झाली. तिचा आवाज म्हणजे काय होता, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. गच्चीवरून शेळ्यांना हाक मारायची तर ओढ्यापलीकडच्या शेळ्या मान वर करायच्या. लग्नाघरी बायका गाणं अडवून ठेवायच्या, जन्नत येऊ द्या म्हणून. ती बाई साधं हाव म्हणायला लागली तरी मधे थांबायची. आ… व. बाहेरचं माणूस आलं की गप्प बसायची.

मी तिची वेणी घालायला शिकलो. घास बारीक करून द्यायचो. काठी टेकायची, मग पाय ओढायचा, मग पुन्हा काठी. टक… सर्र. घरात तिचा हा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा, त्यावरून ती कुठं आहे ते कळायचं. त्या दिवसांत ती मला आधीपेक्षा जास्त जवळची झाली होती. हे दिवसा मी कुणाला सांगणार नाही.

बोरगव्हाण तिचं माहेर. थोरली बहीण तिथं आहे, अंथरुणाला खिळलेली. सडकेनं पुलावरून रिक्षा जाते, तासाभराचंही काम नाही. मी रिक्षा सांगून आलो तर ही बाहेर यायलाच तयार नाही. दारात उभी राहून, शब्द एकेक करून जमवून म्हणाली, "गाडीत बसून गेले तर लोक मला बघायला येतील. पायानं गेले तर मी त्यांना बघायला जाईन."

तिथून तिनं धरलं. आधी फाटकापर्यंत. मग मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत. मग सोपी फेरी, लोक परत निघायचे तेव्हा ही निम्म्यात असायची, पण पुरी करूनच यायची. दिवाळीनंतर मधली जमली. बबिताताई म्हणाली, पौषात अवघड फेरी पहिल्यांदा काढू आणि ती चाचीसाठीच काढू. मात्र चाचा, त्याआधी तुम्ही एकट्यानं जाऊन वाट बघून या. लिहायचं मला येत नाही, म्हणून तिनं आपला फोन माझ्या गळ्यात अडकवून दिला. म्हणाली, जे दिसतं ते तोंडानं सांगत चला, सगळं आत भरलं जाईल.

आता ईश्वरप्पाचा ढीग सांगितला पाहिजे.

माळ संपतो आणि उतार सुरू होतो तिथं दगडांचा एक ढीग आहे. उद्या बघाल. ईश्वरप्पा हा माझ्या आज्याच्या वेळचा माणूस, शेळ्यांच्या मागचा शेवटचा गडी. अशाच धुक्यात ते उतार उतरत होते. पुढच्यानं हाळी दिली, मागून हाव आलं. पुन्हा दिली, पुन्हा आलं, अगदी पाठीशी असल्यासारखं. नदी ओलांडून माणसं वळून बघतात तर मागं कुणी नाही. धुकं उठल्यावर शोधायला परत गेले. ईश्वरप्पा उताराच्या वरच पडला होता, पार थंड, सकाळी केव्हाच गेलेला. तो उतार उतरलाच नव्हता. तर मग पाण्यापर्यंत जवाब देत कोण आलं, हे आज्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून आमच्यात ठरलं. ढिगावर एक दगड ठेवायचा. आणि ढिगापासून पाण्यापर्यंत हाळी द्यायची नाही, बोलायचं नाही. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मुक्यानं उतरायचं. हात कळतो, आवाज कळत नाही, एवढंच बाप मला म्हणाला होता.

मी वाट बघायला गेलो ती भर दुपारची वेळ. ऊन स्वच्छ होतं. टिटव्या ओरडत होत्या. मी फोनला सगळं सांगत होतो, इथं बाभूळ, इथं पाय जपून, इथं पिवळी चिंधी संपते आणि लाल सुरू होते. ढिगाशी आलो, वाकून दगड ठेवला. म्हणालो, बबिताताई, इथून खाली हाळी द्यायची न्हाई बरं का. मग वाटलं, तिला नुसतं सांगून कळायचं नाही, आणि पुढं सगळ्यांना तर तीच समजावणार. आमच्यातला कुणी त्या ढिगाशी कधी एकटा उभा राहिला नव्हता आणि कुणी कधी तिथं उभं राहून ती रीत परक्याला समजावली नव्हती. मी समजावत होतो. काय करायचं नाही ते नीट कळावं, म्हणून मी ते करून दाखवलं.

"हायत का सगळे?"

माझ्या मागं कुणीच नव्हतं. उताराच्या खालून, नदीच्या अंगानं, आवाज आला.

"हाव."

मेंढक्या असेल असं म्हणालो आणि उतरलो. टिटव्या गप्प झाल्या होत्या हे मला पाण्यात पाय घातल्यावर लक्षात आलं. मेंढक्या काही दिसला नाही.

संध्याकाळी बबिताताई आणि व्यंकट इथंच बसले होते, जन्नतबी दाराशी. बबिताताईनं फोनमध्ये भरलेलं लावलं. माझा आवाज, माझ्या चपलांचा आवाज, वाऱ्याचा आवाज. मग हाळी. मग जवाब.

व्यंकट हसत म्हणाला की चाची पण गेल्या होत्या वाटतं, तिकीट न काढता. बबिताताईही हसली. मग दोघांनी जन्नतबीकडं पाहिलं आणि हसणं तिथंच राहिलं. कारण तो आवाज तिचाच होता. माळावर मला तो नुसताच कुणाचा तरी आवाज वाटला होता. फोनमध्ये तो जन्नतबीचा होता, मोकळा, खणखणीत, वारं जायच्या आधीचा. आणि ती तर त्या दुपारी घरात झोपली होती. जागी असती तरी तिला तसं बोलता आलं नसतं.

बबिताताईनं पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. म्हणाली, फोनमध्ये कधी कधी जुनं मिसळतं. पण फोन तिनं दसऱ्याला घेतलेला होता. त्यात जुनं काही नव्हतं.

जन्नतबी उठली. टक… सर्र… माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. हरवलेली वस्तू शेजारच्या घरात दिसावी, तसं काहीतरी होतं.

"तिथं… पडलाय तर," ती म्हणाली. "जाते. घेऊन येते."

मी फेरी रद्द करायला सांगितली. म्हणालो, सडकेनं जाऊ, पायीच जाऊ, पण पुलावरून. ती ऐकेना. मी रागावलो, आयुष्यात फार थोड्या वेळा रागावलो असेन. तिनं माझा राग संपू दिला आणि मग म्हणाली की तुम्ही नाही आलात तर व्यंकटच्या खांद्यावर हात ठेवून जाईन. बायको दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून माहेरी निघाली तर माणूस काय करणार. मी उरलेल्या लाल चिंध्या बांधायला गेलो.

त्या रविवारी धुकं असं होतं की आपण पुढं केलेला हात आपल्याला दिसू नये. आम्ही मोजकी माणसं निघालो. पुढं व्यंकट, मधे चारपाच जण, मग बबिताताई, मग मी. जन्नतबी सगळ्यांत मागं. मला तिच्या मागं राहायचं होतं, पण ती म्हणाली, "मागं कुणी असलं की… हाकल्यासारखं वाटतं." तेही खरंच होतं, तिनं जन्मभर मला शेळ्या हाकताना पाहिलं होतं.

माळ चांगला पार पडला. व्यंकट हाळी द्यायचा आणि मागून ती जवाब द्यायची, आ… व. तेवढ्यासाठी व्यंकट थांबून राहायचा, हे मी विसरणार नाही. धुक्यातून एकेक लाल चिंधी पुढं यायची आणि मागं जायची.

ढिगाशी सगळ्यांनी दगड ठेवले. व्यंकटनं ओठांवर बोट ठेवलं. मी बबिताताईच्या खांद्यावर हात ठेवला. जन्नतबीच्या उजव्या हातात काठी होती, म्हणून तिनं त्याच हातानं आपला डावा हात उचलला आणि माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला. तो तिथं पडून राहिला. त्यात पकड नव्हती, नुसतं वजन होतं. ते वजन मला चांगलं ओळखीचं होतं.

आम्ही उतरायला लागलो. टक… सर्र. टक… सर्र. खालून पाण्याचा गार वास येत होता, शेवाळाचा. आणि त्यात आणखी एक वास… ओल्या शेळ्यांचा. त्या उतारानं शेळ्या कित्येक वर्षांत उतरल्या नव्हत्या. मी खाली मान घालून पाय टाकत होतो. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की काठीचा आवाज थांबला आहे… पाय ओढल्याचाही. आणि खांद्यावरचा हात मात्र तसाच आहे.

मग मागून हाक आली. जवळून नाही, वरच्या अंगानं. ढिगाकडून.

"अजी… थांबा की. माझा हात सुटला."

आवाज जन्नतबीचा होता. मोकळा. फोनमधला.

मी थांबलो. बबिताताईचा खांदा माझ्या हातातून निसटला, ती पुढं धुक्यात गेली. हात कळतो, आवाज कळत नाही, बाप म्हणाला होता. म्हणून मी आवाजाकडं लक्ष दिलं नाही, खांद्यावरच्या हाताकडं दिलं. हात होता. मी तसाच उभा राहिलो. तेव्हा त्या हाताची बोटं… एकेक करून… मिटली. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

तिची बोटं मिटत नव्हती. मी रोज संध्याकाळी तेल लावून ती मिटवायचो आणि सोडली की उघडायची.

आता बघा माझं कसं झालं ते. मागचा आवाज जन्नतबीचा, पण आजच्या जन्नतबीचा नाही. खांद्यावरचा हात जन्नतबीचा, पण आजचा नाही. माझी जड जिभेची, लुळ्या हाताची बाई कुठं होती? मी श्वास धरून ऐकलं. काठीचा टक ऐकू आला असता तर मी त्या दिशेनं धावलो असतो. काही ऐकू आलं नाही.

"अजी…" पुन्हा आवाज आला. "मला ठेवून जाता काय…"

रीत सांगत होती, बोलू नको, उतर. मी जन्मभर रीत पाळली. पण कळप नेताना मागं राहिलेली शेळी आपली का दुसऱ्याची, हे मी उतारावर कधी विचारलं नाही. आधी पाण्यापार न्यायची, ओळख पुढं. मला माझी जन्नत पलीकडं न्यायची होती. जी हाक मारते आहे ती तीच असेल आणि मी नाही म्हणालो, तर मग कशाला जगायचं.

मी उजवा खांदा मागं केला. "ये," म्हणालो. "जी असशील ती ये. हात ठेव."

उजव्या खांद्यावर हात पडला. गार आणि ओला. त्यानंही घट्ट धरलं.

मी उतरलो. दोन्ही खांद्यांवर वजन घेऊन उतरलो. नदीत दगडांवरून पाणी खळखळत होतं, एकेका दगडावर पाय रोवला, मागं वळून पाहिलं नाही, तोंडाला येईल तसं अल्लाचं नाव घेत होतो. पलीकडच्या काठावर धुकं विरळ होतं. व्यंकट, बबिताताई, सगळे उभे होते आणि माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघत होते. बबिताताईनं तोंडावर हात धरला होता.

मी वळलो. मागं एकटी जन्नतबी होती. दोन्ही हात माझ्या दोन्ही खांद्यांवर. ताठ उभी.

"काठी?" मी विचारलं.

"लागली नाही," ती म्हणाली. अगदी साफ.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बबिताताई रडली. बोरगव्हाणच्या वेशीतून जन्नतबी सगळ्यांच्या पुढं चालत गेली, बहिणीच्या गळ्यात पडली, दिवसभर बोलली, हसली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, मनाची जिद्द असते. मीही तसंच समजायचं ठरवलं. तरुणपणी जिला घरी आणली होती तीच पुन्हा घरी आली होती. आपली वेणी आता तीच घालते. माझी गरज काही उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी काठी शोधायला गेलो. काठी कुठंच नव्हती. पण उतारावरच्या ओल्या मुरमात मला खुणा दिसल्या. एक पाऊल, शेजारी ओढलेल्या पायाची रेघ, आणि काठीचं भोक. पुन्हा पाऊल, रेघ, भोक. त्या पाण्यापर्यंत गेल्याच नव्हत्या. निम्म्या उतारावरून त्या परत वर वळल्या होत्या, ढिगाकडं… गावाकडं.

मी ढिगाशी उभा राहिलो. जे करायचं नसतं ते दुसऱ्यांदा केलं.

"हायत का सगळे?"

खूप वेळ काही नाही. मग माळाच्या अंगानं, बाभळींमधून…

"आ… व."

म्हणून मी सगळ्यांच्या मागं चालतो. तिचा कुणी पुढचा असायला पाहिजे, म्हणून. फेरी असो नसो, रोज सकाळी मी जातो आणि हाळी देतो, आणि जवाब येतो. पहिल्या दिवसांत ढिगाजवळून यायचा. उन्हाळ्यात पिवळ्या चिंधीपाशी आला. पावसाळ्यात तिला जड गेलं, चिखलात तिचा पाय रुततो. दिवाळीच्या सुमारास मशिदीच्या कोपऱ्यावरून आला. तिला घाई केलेली चालत नाही, हे मला आधीपासून माहीत आहे. मी घाई करत नाही. ढिगापासून आमच्या दारापर्यंत मी पांढऱ्या चिंध्या बांधल्या आहेत, सोपीच्या. तिला तेवढीच वाट झेपेल.

सकाळी त्या सुटलेल्या असतात. नीट घडी करून इथं ओट्यावर ठेवलेल्या असतात. मी घरातलीला काही विचारलं नाही. ती वाईट नाही हो. माझ्या ताटात आधी वाढते. फक्त एकदा, चिंध्या माझ्या हातात देताना म्हणाली, "कशाला बांधता, अजी? आपल्याला आता अवघड फेरी जमते की."

मी हाव म्हणालो आणि पुन्हा बांधून आलो. रोज बांधतो. ती सोडते, मी बांधतो. तिच्यात जोर आहे, पण मलाही दुसरं काही काम नाही.

काल जवाब आमच्या मागच्या लिंबाखालून आला.

ऐकलंत? आतून म्हणते आहे, गार वारं येतंय, दार लावून घ्या. लावतो गं, लावतो.

तुम्ही उठू नका. दार राहू दे तसंच. चहाचा ग्लास इकडं द्या माझ्याजवळ, आणि जरा सरकून बसा, भिंतीकडं. आतला भांड्यांचा आवाज थांबला, तुमच्याही लक्षात आलं ना… हां. आता गल्लीकडं कान द्या. काठी टेकल्यावर पाय ओढायला तिला थोडा वेळ लागतो. उंबऱ्याशी तिला आधाराला चौकट लागते. तेवढी जागा ठेवा.